बर्फात डिस्क गोल्फ : थाटीपूरहून तांपेरेला निघालेल्यासाठी

तुझा प्रश्न वाचला. जानेवारीत ग्वाल्हेरच्या थाटीपूरहून फिनलंडमधल्या तांपेरेला शिकायला जातोयस, इथे दोन वर्षं मैदानावर डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळतोयस, आणि तिथे कित्येक महिने बर्फ असतो हे कळल्यापासून खेळ सुटणार की काय अशी धास्ती बसलीय. बर्फात डिस्क सापडते का, सोबत कोणत्या न्यायच्या, आणि निघेपर्यंत ग्वाल्हेरात सराव काय करायचा, असं विचारलंयस. खेळ मुळीच सोडू नकोस. मी तांपेरेत सात हिवाळे काढले, त्यातले सहा खेळले. पहिला नुसता खिडकीतून बर्फ बघण्यात गेला, त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक ऐक : तू या खेळाच्या माहेरघरीच चाललायस म्हणायला हरकत नाही. जन्म अमेरिकेतला खरा, पण फिनलंडमध्ये तो गावोगावी आहे. तांपेरेला लागूनच नोकिया नावाचं गाव आहे, फोनवाल्या कंपनीला नाव मिळालं तेच. युरोपियन ओपन ही डिस्क गोल्फची मोठी स्पर्धा तिथे कित्येक वर्षं भरली. जंगलातून जाणारे कोर्स तिथे सगळ्यांसाठी खुले असतात आणि हिवाळ्यातही लोक खेळतात. त्यामुळे पायवाटा तुडवलेल्या असतात, तुला एकट्याला बर्फ कापत जावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. थंडीत लांब फेकायचा नाद सोडायचा. तिथला हिवाळी खेळ बोटांचा आणि नजरेचा आहे. बोटं उबदार राहिली आणि डिस्क नेमकी कुठे शिरली ते डोळ्यांनी पकडून ठेवलं, तर बाकीचं निभतं.

अंतर का घटतं ते समजून घे, म्हणजे स्वतःवर चिडणार नाहीस. गार हवा दाट असते. उणे १५ अंशांची हवा आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या हवेपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जड भरते. डिस्कला तेवढा अडथळा जास्त. त्यात अंगावर जाकीट, त्यामुळे हात पूर्ण मागे जात नाही, आणि पाय घसरेल या भीतीने कंबर मोकळी फिरत नाही. मग डिस्क हातातून सुटतानाच वेग कमी असतो. वेग कमी पडला की इथे सरळ जाणारा तुझा ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) तिथे अर्ध्यातच डावीकडे पडायला लागेल (उजव्या हाताने बॅकहँड टाकतोस असं धरून). मी इथे ज्या अंतराला मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) घ्यायचे, तिथे जानेवारीत त्याच अंतराला ड्रायव्हर लागायचा. म्हणून खूप स्टेबल (वेग उतरला की डावीकडे पडणारा), जड ड्रायव्हर इथेच ठेव. एखादा हलका, सहज उजवीकडे वळणारा ड्रायव्हर, दोन मिडरेंज आणि दोन पटर (बास्केटजवळून टाकायच्या डिस्क) एवढ्यावर पहिला हिवाळा आरामात जातो. निम्म्या वेळा मी फक्त मिडरेंज आणि पटर घेऊन निघायचे.

प्लॅस्टिकचंही बघून घे. महागातल्या, काचेसारख्या चकचकीत डिस्क उन्हाळ्यात टिकाऊ वाटतात, पण उणे तापमानात त्या ताटासारख्या कडक आणि गुळगुळीत होतात. स्वस्तातलं, हाताला जरा खरखरीत लागणारं प्लॅस्टिक किंवा रबरासारखं मऊ प्लॅस्टिक थंडीत पकडायला बरं. रंग गुलाबी, लाल किंवा गडद निळा. पांढरी, राखाडी, आरपार दिसणारी डिस्क नेऊच नकोस. आपल्या हिरव्या गवतावर पांढरी किती छान दिसते, पण तिथे ती पहिल्याच दिवशी जाईल.

बऱ्याच जणांना उलटं वाटतं अशी एक गोष्ट सांगते. डिस्क गरम ठेवू नकोस. घरातून निघाल्याबरोबर उबदार डिस्क बर्फात टाकली तर तिला चिकटलेला बर्फ वितळतो आणि दोन मिनिटांत त्याचा पातळ काचेसारखा थर होऊन बसतो. मग ती पुसली जात नाही, नखाने खरवडावी लागते आणि हातातून साबणासारखी निसटते. खेळायला जायच्या अर्धा तास आधी पिशवी बाल्कनीत ठेवायची. गार डिस्कला कोरडा बर्फ चिकटत नाही, बुटावर एकदा हलकी आपटली की झडून जातो. ऊब हाताला द्यायची, डिस्कला नाही. याच कारणाने उणे आठ अंशांत खेळणं शून्याच्या आसपास खेळण्यापेक्षा सोपं जातं. शून्यावर सगळं ओलं असतं : डिस्क, टॉवेल, बूट, बाह्या.

हातांसाठी तिथे छोट्या पुड्या मिळतात. त्यात लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळशाची पूड असते. वेष्टण फोडून हवा लागली की लोखंड भराभर गंजायला लागतं आणि त्या गंजण्यातून काही तास ऊब निघत राहते. लगेच तापत नाहीत, म्हणून घराबाहेर पडायच्या आधीच फोडायच्या. फेकायच्या हातावर हातमोजा नको. त्यातून डिस्कची कड जाणवत नाही आणि सुटायचा क्षण चुकतो. त्या हातासाठी मोठा, बोटं एकत्र राहतील असा लोकरी मोजा घ्यायचा, त्यात ती पुडी, आणि फेकेपर्यंत हात आतच. दुसऱ्या हातावर नेहमीचा मोजा, तो काढायचाच नाही. माझी सवय अशी होती : मोज्यात हात ठेवूनच रेषा ठरवायची, वारा बघायचा, डाव्या हाताने डिस्क काढून पुसायची. हे सगळं झाल्यावर उजवा हात बाहेर. पकड, थ्रो, लगेच हात आत. दहा सेकंदांपेक्षा जास्त उघडा नाही. बोटं एकदा बधिर झाली की डिस्क कधी सुटली तेच कळत नाही, आणि मग पुढची तीन-चार बास्केट फुकट जातात.

कपड्यांबद्दल आई ऐकणार नाही, पण तिला सांग की सुती बनियन आत नको. चालून घाम येतो, सूत तो धरून ठेवतं, आणि पुढच्या टीवर (पहिली फेक करायच्या जागी) उभं राहिलं की तोच घाम गारठवतो. आत अंगालगत पातळ लोकरी किंवा घाम बाहेर सोडणारा कपडा, वर एक ऊबदार, वर वारा अडवणारा. तीन पातळ थर. ग्वाल्हेरच्या मेळ्यातला जाड स्वेटर छान असतो, पण दोन चढवलेस तर हात छातीसमोरून मागे जाणार नाही. आणि गजक भरपूर ने. मी दर हिवाळ्यात इथून मागवायचे. थंडीत भूक सपाटून लागते, आणि खिशात तीळ-गुळाचा तुकडा असेल तर मोजा न काढता तोंडात टाकता येतो. मऊ चॉकलेट तिथे दगड होतं.

आता सापडण्याबद्दल, कारण तुझी खरी काळजी तीच आहे.

ताज्या, भुसभुशीत बर्फात डिस्क पडत नाही, शिरते. वर राहते फक्त एक चीर, पत्रपेटीच्या फटीएवढी, बोटभर रुंद. माझी एक गुलाबी मिडरेंज अशी शिरली होती. चीर समोर दिसत होती, तरी आम्ही तिघं वीस मिनिटं तिथेच उकरत बसलो. मिळाली ती चिरेपासून चांगली चार पावलं पुढे. डिस्क बर्फाखाली शिरल्यावर थांबत नाही, त्याच दिशेने आतल्या आत सरकत राहते. तेव्हापासून चीर दिसली की मी तिथे उकरत नाही, चिरेच्या दिशेत पुढे जाते आणि मग काठीने आडवे फटकारे मारत मागे येते. तुटकी स्की-काठी यासाठी उत्तम.

थ्रो झाल्यावर डोळे हलवायचे नाहीत. डिस्क जिथे दिसेनाशी झाली त्याच्या मागचं झाड मनात धरायचं (दुभंगलेल्या बुंध्याचं, वाकलेल्या फांदीचं, काहीही) आणि त्याच्याकडे नाकासमोर सरळ चालायचं. जोडीदार असेल तर त्याने टीवर नाही, पुढे बाजूला उभं राहायचं. दोन दिशांनी दोन नजरा असल्या की जागा पक्की होते. आणि पोचल्यावर बर्फ तुडवायचा नाही. तुडवलेल्या बर्फातली चीर गेली म्हणजे गेलीच. स्पर्धेच्या नियमात शोधायला तीन मिनिटं मिळतात, मित्रांबरोबर खेळताना मात्र आम्ही डिस्क मिळेपर्यंत शोधायचो.

शिवाय रिबन. हातभर लांब, चमकदार रंगाची सॅटिनची रिबन डिस्कच्या पोटाशी बरोबर मध्यभागी चांगल्या चिकटपट्टीने लावायची. डिस्क खाली गेली तरी शेपूट वर राहतं. उड्डाण थोडं कमी होतं, ते चालवून घ्यायचं. चिकटपट्टी गार प्लॅस्टिकवर बसत नाही, म्हणून हे काम घरात, डिस्क कोरडी आणि उबदार असताना आदल्या दिवशी करायचं. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम साडेपाच तासांचा, दुपारी तीनला सूर्य मावळतो. त्यामुळे संध्याकाळच्या खेळाला लोक रिबनऐवजी छोटा एलईडी दिवा चिकटवतात आणि डोक्याला बॅटरी लावतात. काळ्या झाडांमधून हिरवा ठिपका तरंगत जातो, ते दृश्य बघशीलच.

प्रत्येक डिस्कवर आतून नाव आणि तिथला फोन नंबर लिही. जानेवारीत हरवलेली माझी एक निळी पटर एप्रिलात बर्फ वितळल्यावर एका अनोळखी माणसाला सापडली आणि त्याने फोन करून परत दिली.

पायांबद्दल थोडक्यात : टीवर बर्फ गोठलेला असेल तर धावत येऊन फेकायचं नाही. उभ्या जागेवरून फेक. बुटांवर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, खाली लोखंडी दाते असलेल्या, त्या घे. पटिंगला, म्हणजे बास्केटजवळून टाकायला, तर त्या लागतातच, कारण बास्केटपासून १० मीटरच्या आत डिस्क सोडल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं, आणि बर्फावर तेच अवघड. बास्केटची कड जमिनीपासून सव्वाआठशे मिलीमीटरच्या आसपास असते. आजूबाजूला बर्फ साचून दबला की तीच बास्केट गुडघ्याशी आल्यासारखी दिसते आणि सवयीने पट वरून निघून जातो. साखळ्या गोठल्या असतील तर डिस्क त्यावर आपटून परत येते, तेव्हा खेळायच्या आधी काठीने साखळ्या हलवून मोकळ्या करायच्या. ओल्या उघड्या बोटांनी त्या लोखंडाला हात लावू नकोस. कडाक्याच्या थंडीत कातडी चिकटते.

एका बाबतीत मात्र ताईचा हुकूम समज. तांपेरे दोन तळ्यांच्या मध्ये आहे, नेसियार्वी आणि प्युहायार्वी, आणि मधून धबधब्यासारखा प्रवाह वाहतो. वाहत्या पाण्याजवळ वरचा बर्फ पातळ राहतो आणि तो वरून बघून कळत नाही. माझी डिस्क एकदा काठापासून पंधरा-वीस पावलांवर तळ्यावर जाऊन पडली. स्वच्छ दिसत होती, लाल, बर्फावर. मी पाय टाकलाच होता, तेवढ्यात सोबतच्या बाईंनी मागून जाकीट धरलं. डिस्क तिथेच सोडून आले. तूही सोडून यायचं, कितीही आवडती असली तरी. आणि नाक, कान, बोटाचं टोक पांढरं पडून जाणवेनासं झालं तर खेळ तिथल्या तिथे थांबव. चोळू नकोस, बर्फाने तर नाहीच. हात काखेत धर, कानावर उबदार तळवा ठेव आणि आत जा.

राहिला ग्वाल्हेरातला सराव. बर्फ नाही म्हणून इथे तयारी होणार नाही असं तुला वाटतंय, पण डिसेंबर-जानेवारीतली आपली कोहऱ्याची, म्हणजे दाट धुक्याची, सकाळ याहून चांगली शाळा नाही. पाच-सहा अंश, गवत दंवाने चिंब, वीस पावलांवरचं कडुनिंबाचं झाड धूसर. ओली डिस्क पकडणं तर इथे तांपेरेच्या कोरड्या उणे आठापेक्षा अवघड. रोज सकाळी अर्धा तास कोहऱ्यात खेळ. सहा डिस्क टाक, प्रत्येक दिसेनाशी झाली की जागा मनात धर, आणि सहाही टाकून झाल्यावरच शोधायला निघ. उभ्या जागेवरून फेक. दोन टॉवेल ठेव, एक पुसायला आणि एक जाकिटाच्या आत कोरडा. बास्केट नाही म्हणून अडू नकोस. साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात आणली, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला. त्याआधी लोक झाडांवर आणि खांबांवरच नेम धरायचे.

मी रविवारी सकाळी सातला मुरारच्या मैदानावर असते, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वेल्डरकडून करून घेतलेली बास्केट घेऊन. ये. माझ्याकडे रिबन लावलेल्या दोन मिडरेंज पडून आहेत, एक लाल, एक निळी. त्या घेऊन जा, पण आधी कोहऱ्यात टाकून आणि शोधून दाखव.