आईचं डोकं दुखलं, मुलाने लाकडी बैल आणून दिला

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. परवा माझं डोकं जाम दुखत होतं तर तो तान्ह्या पोळ्याचा आपला लाकडी बैल घेऊन आला अन् माझ्या उशीशी ठेवून गेला, मला रडूच आलं. पण त्याच संध्याकाळी आजी दिवाणावर चष्मा ठेवून पूजेला बसली, ह्याने तो उचलून खेळण्यांच्या टोपलीत टाकला, आणि आजी उठून दिवाणावर शोधून राहिली तर हा तिच्यावरच चिडला, "टोपलीत आहे नं!" त्याला दुसऱ्याचं कळतं की नाही?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, दुसऱ्याला दुखतंय हे कळणं आणि दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे कळणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्याला जमतंय. 2004 मध्ये लंडनला मेंदू-संशोधक तानिया सिंगर यांनी 16 बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला दुखेल असा शॉक दिला, तेव्हा बाईच्या मेंदूत इन्सुला वगैरे जे भाग स्वतःला शॉक बसल्यावर जागे व्हायचे त्यातलेच काही जागे झाले, म्हणजे दुखण्याचा त्रास पोचला, फक्त नेमकं कुठे किती दुखतं ते सांगणारा भाग शांत राहिला.

चष्म्याची गोष्ट वेगळी. 1983 मध्ये विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली, मॅक्सी चॉकलेट कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता मॅक्सी आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं बहुतेक नवीन कपाट दाखवतात, म्हणजे जे मला माहीत ते सगळ्यांनाच माहीत. चारच्या आसपास हे बदलायला लागतं. मोठ्यांमध्ये या कामाला उजव्या कानाच्या जरा वर-मागे असलेला मेंदूचा एक भाग फार लागतो, मेंदू-संशोधक रेबेका सॅक्स यांनी 2003 मध्ये तो दाखवला, आणि तो लहानपणभर हळूहळू तयार होत असतो. म्हणून आजीला चष्मा सापडत नाही हे त्याला खरंच विचित्र वाटलं असणार, त्याला हट्टी किंवा उद्धट म्हणू नका प्लीज.

आणि बैल. तुम्हाला गोळी हवी होती, त्याने दिलं ते जे त्याला स्वतःला बरं वाटवतं. मला तर हे फारच गोड वाटलं.

घरी एक करून बघा, संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात खडू भरा, उघडून दाखवा, बंद करा आणि विचारा, "बाबा आले की त्यांना यात काय आहे वाटेल?" आता तो बहुतेक "खडू"च म्हणेल. रागावू नका, "बाबांनी कुठे उघडून पाहिलंय" एवढंच म्हणा. घरात "आजीला वाटलं", "दादाला माहीतच नव्हतं" असं बोलणं जास्त असेल तर मुलांना हे लवकर जमतं, अभ्यासात दिसलंय. तो नजर देत नसता, बोटाने काही दाखवत नसता तर मी बालरोगतज्ज्ञांकडे जा म्हटलं असतं, पण तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही नाही. सहा महिन्यांनी डब्याचा प्रश्न परत विचारा आणि काय म्हणाला ते मला कळवा.