उपकारस्तुती : फेड मागे न ठेवणारा उपकार

प्रश्न असा आहे : मैत्रिणीच्या चर्चच्या निमंत्रणात ‘कापणीचा सण : उपकारस्तुतीची उपासना’ असं छापलं होतं. ‘उपकारस्तुती’ हा ओढूनताणून केलेला अनुवाद आहे का? सरळ ‘आभारप्रदर्शन’ का म्हणत नाहीत?

शब्द बायबलच्या मराठी अनुवादातून रुळला हे खरं, पण मला तो फार नेमका वाटतो. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं वाक्य मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असतं. आभारप्रदर्शन कार्यक्रम संपताना होतं. उलट शेवटच्या भोजनात येशू भाकरी हातात घेतो, उपकारस्तुती करतो आणि मग ती मोडून वाटतो. म्हणजे इथे स्तुती आधी, वाटप नंतर.

मूळ ग्रीक शब्द ‘युखारिस्तिया’. त्यात ‘खारिस’ म्हणजे कृपा दडलेली आहे. करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आठव्या-नवव्या अध्यायांत, पौल यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी वर्गणी मागतो. तिथे ‘खारिस’ हा एकच शब्द तो देवाच्या कृपेला वापरतो, त्या वर्गणीला वापरतो आणि देवाचे आभार मानतानाही वापरतो. मराठीत हे तिन्ही अर्थ पेलणारा एक शब्द नाही. ‘उपकार’ आणि ‘स्तुती’ जोडल्यावर निदान मिळालेलं आणि त्याला दिलेला प्रतिसाद, दोन्ही एकाच शब्दात येतात.

अडचण ‘उपकार’ शब्दाची आहे, हे मान्य. आपल्याकडे उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, कुणाचे उपकार नकोत असंही आपण ठणकावतो. बायबलमधल्या ११६व्या स्तोत्राचा कर्ताही हेच विचारतो : परमेश्वराने केलेल्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ? पुढच्याच ओळीत त्याचं उत्तर येतं, आणि ते मला दर वेळी थांबवतं. मी तारणाचा, म्हणजे उद्धाराचा, प्याला हाती घेईन, असं तो म्हणतो. उतराई व्हायला निघालेला माणूस आणखी एक प्याला घेतो! देणाऱ्याकडे इतकं आहे की परतफेडीचा हिशेबच उरत नाही.

मग घेणाऱ्याने काही करायचंच नाही का? इथे दुसरा अस्सल मराठी शब्द येतो : सरवा. पीक काढून झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. मराठी बायबलमध्ये रूथ ही गरीब विधवा बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवाच वेचते. बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात कापणीच्या सणाचे विधी सांगून झाल्यावर लगेच आज्ञा आहे की शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. सणाची उपासना आणि गरिबाचा वाटा एकाच दमात सांगितले आहेत. कापणीच्या सणाला वेदीपाशी ज्वारी-बाजरीची कणसं, भाजी, फळं मांडलेली दिसली, तर हा संबंध आठवावा.

वापराबद्दल एवढंच : आभार ‘मानतात’, उपकारस्तुती ‘करतात’. ‘उपकारस्तुती मानतो’ असं म्हणू नये. आणि माणसांसाठी हा शब्द वापरत नाहीत. मैत्रिणीने सणाला बोलावलं, तर तिचे आभारच माना.