प्लॅटिनमला दाद न देणारा आजार

प्रश्न : आईला अंडाशयाचा कर्करोग आहे. कार्बोप्लॅटिन संपून चार महिने होताच गाठ परत दिसली. नवे औषध आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनम गटातले केमोचे औषध. शेवटच्या प्लॅटिनम डोसनंतर सहा महिन्यांच्या आत उलटलेल्या आजाराला प्लॅटिनम-प्रतिरोधक म्हणतात. त्यासाठी मिरव्हेटुक्सिमॅब सोरॅव्हटॅन्सिन या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. यातली अँटिबॉडी कर्करोगाच्या पेशीवरचा फोलेट रिसेप्टर अल्फा हा प्रथिन-रेणू हेरते आणि सोबतचे विष पेशीच्या आत सोडते. मात्र गाठीच्या किमान ७५ टक्के पेशींवर या रिसेप्टरच्या तपासणीचा रंग मध्यम ते गडद उमटला, तरच ते देतात. म्हणून सोलापुरात जिथे ऑपरेशन झाले, तिथल्या लॅबमधून आजच पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

डोस तीन आठवड्यांनी एकदा, सलाइनमधून. खरी काळजी डोळ्यांची. बुबुळावर परिणाम होऊन धूसर दिसते, म्हणून सुरुवातीलाच नेत्रतपासणी हवी. स्टेरॉइडचे थेंब सलाइनच्या आदल्या दिवसापासून. ओलाव्याचे थेंब स्टेरॉइडच्या थेंबांनंतर किमान दहा मिनिटांनी. कॉन्टॅक्ट लेन्स बंद. खोकला किंवा धाप वाढली तर लगेच कळवा, फुप्फुसाला सूज असू शकते.

रिसेप्टर कमी निघाला तर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल (केमोचे औषध) आणि जोडीला बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारे औषध) हा चांगला मार्ग आहे. पण आतड्यात आजार शिरला असेल तर बेव्हॅसिझुमॅबने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. आधी सीटी स्कॅन दाखवा.