'समान उद्देश' की 'सामाईक उद्देश'?

प्रश्न असा आहे: हाणामारीत एकाच्या वाराने माणूस दगावतो, पण 'समान उद्देशाने खून केला' म्हणून चौघांवर गुन्हा दाखल होतो. मग चौघांच्या मनात सारखाच उद्देश होता असं समजायचं का?

नाही. घोळ 'समान' या शब्दाने केला आहे. समान म्हणजे सारखा. दोघांना एकाच माणसाचा जीव घ्यायचाय, पण एकाला दुसऱ्याच्या मनातलं ठाऊक नाही, तर ते दोन समान उद्देश झाले. कायद्याला हवा आहे तो सामाईक उद्देश. सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते ना, ती विहीर एकच असते आणि हिस्सेदार अनेक. दोन शेतांतल्या दोन सारख्या विहिरींना कोणी सामाईक म्हणत नाही.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, त्यावर एकाची फाशी टळली आहे. 'महबूब शाह' हा १९४५ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा निकाल. सिंधू नदीकाठी बोरू कापण्यावरून भांडण पेटलं. एकाने मदतीसाठी हाक मारली, तशी दोघं बंदुका घेऊन धावत आली. एकाच्या गोळीने माणूस जागीच गेला आणि तो मारेकरी फरार झाला. दुसऱ्याने, म्हणजे महबूब शाहने, मृताच्या साथीदारावर गोळी झाडली, तो किरकोळ जखमी झाला. खालच्या कोर्टाने महबूबला खुनासाठी फाशी सुनावली, लाहोर हायकोर्टाने ती कायम केली. प्रिव्ही कौन्सिलने खुनाची शिक्षा रद्द केली. आपल्या माणसाला सोडवायचं हा हेतू दोघांचा असेलही, पण 'याला मारायचंच' असं दोघांचं आपसांत ठरलं होतं याला पुरावा नव्हता.

हे 'ठरणं' आधी बसून केलेलंच असावं लागतं असं नाही, ऐन मारामारीतही ते होऊ शकतं. ते कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून कोर्ट कृतीवरून ताडतं: एकत्र आले का, हत्यारं कोणी आणली, 'सोडू नका' कोण ओरडलं, कोणी हात धरून ठेवले, पळाले ते एकत्र का. उद्देश सामाईक ठरला की प्राणघातक वार नेमका कोणाचा, हा प्रश्न मागे पडतो. पण एकाने अचानक चाकू काढला आणि बाकीच्यांना त्याची कल्पनाच नव्हती, तर बाकीचे सहसा आपापल्या मारहाणीपुरतेच जबाबदार राहतात.

भारतीय दंड संहितेचं हे कलम ३४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३(५) झालं. त्याच कलमाचं पोटकलम (९) मला फार मोलाचं वाटतं: एकाच कृत्यात सामील असलेल्यांचे गुन्हे वेगवेगळे असू शकतात. गंभीर चिथावणीने भान सुटून मारणारा सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्ह्याचा दोषी ठरेल, आणि जुनं वैर साधून त्याला हात देणारा खुनाचा. मेलेला माणूस एकच.

फिर्यादीत 'गैरकायद्याची मंडळी जमवून' असं असेल तर मात्र तरतूद वेगळी, जुनं कलम १४९, आता १९०. इथे किमान पाच जण लागतात, आणि उद्देशाऐवजी 'उद्दिष्ट', म्हणजे मंडळी कशासाठी जमली ते पाहिलं जातं. मंडळीतल्या एकाने उद्दिष्टासाठी खून केला, किंवा असं काही घडण्याचा संभव इतरांना ठाऊक होता, तर तेही खुनाचे दोषी. इथला 'मंडळी' शब्द साध्या जमावाचा नाही. आवाज ऐकून बघायला आलेला माणूस तिथे हजर असतो, मंडळीत नसतो. आणि सहांपैकी दोघं निर्दोष सुटले, आणखी कोणी अनोळखी सामील असल्याचाही पुरावा नाही, तर उरलेल्या चौघांची मंडळीच होत नाही. मग सरकारी पक्षाला पुन्हा सामाईक उद्देशच सिद्ध करावा लागतो.