घरच्या बटाट्यांच्या काचऱ्या दुधात बेक केल्या की कच्च्या राहतात आणि दूध फाटतं. बाजारचेच वापरावेत का?

मुळीच नाही. तुम्ही लिहिलंय, 'घरच्या बटाट्यात दम नसतो असं सगळे म्हणतात', ते वाचून राहवलं नाही.

माझं सासर खटाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला. आमच्याकडे खरिपाचा बटाटा. जून-जुलैत लागण, दसऱ्याच्या मागेपुढे काढणी. मामंजी काढणीच्या आठ-दहा दिवस आधी पाला कापून टाकायचे, म्हणजे जमिनीतच साल पक्की होते आणि पोत्यात घासली तरी सुटत नाही. घरासाठीचा ढीग वेगळा निवडून सोप्यात अंधाऱ्या बाजूला पसरायचा. आलेल्या-गेलेल्याला त्यातून पिशवी भरून द्यायला त्यांना फार आवडायचं.

अशीच एक पिशवी धाकटी जाऊ दसऱ्याला पुण्याला घेऊन गेली आणि फ्रिजमध्ये ठेवली. दिवाळीला आली ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मामंजी, तुमचा बटाटा बेक करायला नाही चालत. गोडमिट्ट लागतो, वरून काळा पडतो. बाजारचा बरा." मामंजी काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र घरासाठी ढीग काढलाच नाही. सगळा माल मार्केटला गेला.

मी तेव्हाही सांगितलं होतं, दोष फ्रिजचा आहे. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. तीच गोड लागते आणि ओव्हनच्या आचेला तीच आधी करपते. आणि ज्या बाजारच्या बटाट्याचं एवढं कौतुक, तो दिवाळीच्या सुमारास बहुतेक आग्र्याकडचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून शीतगृहात ठेवलेला असतो. म्हणजे तोही थंडीतूनच आलेला! त्याच दिवाळीत सोप्यातल्या बटाट्यांच्या काचऱ्या मी तिच्यासमोर बेक केल्या. भांडं चाटूनपुसून संपलं, पण "मामंजी, बटाटा चांगला आहे" एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

आता तुमचं. काचऱ्या कच्च्या राहतात कारण तुम्ही त्या थेट गार दुधात रचून ओव्हनमध्ये ढकलता. बटाटे सोलून दोन-तीन मिलिमीटरच्या काचऱ्या करा आणि चिरल्यावर धुऊ नका. बाहेर येणाऱ्या स्टार्चनेच दूध दाट होतं. म्हशीचं सायीसकट दूध, ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड. त्यात काचऱ्या मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा, तूप लावलेल्या भांड्यात ओता आणि १८० अंशांवर वरून तांबूस होईपर्यंत ठेवा, साधारण पाऊण तास. सुरी सहज आत गेली की झालं. चीज लागत नाही. टोमॅटो घालत असाल तर तो आधी बंद करा. आंबटाने दूध फाटतं आणि बटाटाही लवकर शिजत नाही.

फ्रिजमधले बटाटे लगेच वापरू नका, आठवडा-दोन आठवडे बाहेर अंधारात ठेवा, गोडी बरीच उतरते. जावेने एवढं केलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

अर्थात घरचा म्हणजे कुठलाही चालेल असं नाही. आमचा कुफरी ज्योती जातीचा होता. तुम्ही पुखराज जातीचा लावला असेल तर त्यात पाणी जास्त, तो रस्सा भाजीला ठेवा. अगदी कोवळा, बोटाने साल निघणारा बटाटाही दुधात मिळून येत नाही. आणि उन्हात राहून हिरवे पडलेले असतील ते फेकून द्या.