त्या वीस हजारांना हातच लागेना

“मदतीचे पैसे धंद्यात घातले आणि बुडाले तर?” हे माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बऱ्याच बायका विचारतात. शहापूर तालुक्यातल्या एका ताईंनी मात्र विचारलं नाही. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) झोप लागत नाही म्हणून त्या आसनगावहून लोकलने ठाण्याला आल्या होत्या.

नवरा वीटभट्टीवर कामाला होता, तो गेला. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ते खात्यात जमा होऊन पाच महिने झाले होते. इकडे किराणा उधारीवर, धाकटा दीर गाडीसाठी मागे लागलेला, तरी ताईंनी एक रुपया काढला नव्हता.

मी शहाण्यासारखं मुदत ठेवीचं बोलायला लागले. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांची एवढीच किंमत आली मॅडम. ती पण मीच घालवू?”

मी कागद बाजूला सारला. त्या दिवशी पैशाचं काही बोललो नाही. दोघी नुसत्या ताईंच्या नवऱ्याबद्दल बोललो.

पुढच्या खेपेला विचारलं, “धंद्यात किती बुडाले तरी रात्री झोप लागेल?” बराच वेळ गेला. “दोन हजार.”

मग धंद्यासाठी दोनच हजार काढले. बाकीच्यातून उधारी भागवून उरलेले ठेवीत. दिराला सांगायला “पैसे अडकलेत” हे खरं कारणही मिळालं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला. महिन्याचे १,५०० सुरू झाले तसं पिठामिठाचं भागलं.

पावसाच्या तोंडावर पाड्यावरच्या बायकांकडून रानभाज्या घेऊन त्या ठाण्यात विकायला बसल्या. पहिल्याच दिवशी चुकीची जागा, टाकळा कोमेजला, तीनशे बुडाले. फोन आला तेव्हा माझ्याच पोटात गोळा. तर म्हणाल्या, “गेले तीनशे. पण झोपले मी.” मला तो दिवस पुढच्या नफ्यापेक्षा मोठा वाटतो.

परवा शेवळांची, म्हणजे तसल्याच एका रानभाजीची, जुडी घेऊन आल्या. पैसे घेईनात, मी दिलेच. जाताना दारातून बजावलं, “भाजीत काकडाची फळं जास्त घाला मॅडम, नायतर घसा खाजंल.”