श्टुटगार्टच्या वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी

प्रिय मुलीस,

अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून तिथल्या नोकऱ्यांबद्दल खूप बोललं जातं, पण भाषा आणि पगार यांपलीकडे ते बोलणं क्वचित जातं. तू श्टुटगार्टला, त्या राज्याच्या राजधानीत, नर्स म्हणून निघाली आहेस. तुझी जर्मनची बी-२ पातळीची परीक्षा झाली आहे, भाषेचं निभेल. मला काळजी आहे ती तुझ्या मानेची.

समोरची बोलत असताना आपण मान हलवतो, ‘हं, हं’ करतो. आपल्या लेखी त्याचा अर्थ ‘ऐकतेय’ एवढाच. तिथे त्याचा अर्थ ‘समजलं, करते’ असा घेतात, आणि मान आडवी डोलली तर ‘नाही’ असाही. ड्यूटी बदलताना सहकारीण सांगते, अमुक खोलीतल्या बाईंना जेवणाआधी इन्सुलिन आठ युनिट, साखर शंभरच्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन. दुसरा भाग तुझ्या कानावरून गेला आणि तू मान हलवलीस, तर पुढची चूक पूर्णपणे तुझी. ‘तू हो म्हणालीस’ हे ती चारचौघांत सांगेल आणि त्यात तिला काही वावगंही वाटणार नाही.

म्हणून ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखव: खोली, औषध, मात्रा, वेळ, अट. अडलं तर ‘दास हाबे इश निश्ट फेरश्टांडन’, म्हणजे हे मला समजलं नाही. कधी न केलेलं काम सांगितलं तर ‘दास हाबे इश नोख नी गेमाख्ट’, हे मी कधी केलेलं नाही, दाखवा. ही दोन वाक्यं आरशासमोर पाठ कर. ती म्हटल्याने तिथे कुणी कमी लेखत नाही, उलट हिच्यावर काम सोपवता येईल असं मत बनतं. सुरुवातीला सहा महिन्यांपर्यंत नोकरीचा परीक्षाकाळ असतो आणि त्यात साधारण दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. नेमक्या त्याच काळात आपल्या मुली संकोचाने गप्प राहतात. तिथले लोक शुद्ध जर्मनऐवजी श्वाबियन ही तिथली बोली बोलू लागले, तर ‘होखडॉइच, बिटे’, म्हणजे कृपया प्रमाण जर्मन, म्हणायलाही लाजू नकोस.

डॉक्टरांच्या बाबतीतही हेच. मात्रा चुकीची वाटली तर विचारणं हे तुझं काम आहे, आगाऊपणा नाही. तोंडी सूचना मिळाली तर नोंद करून घ्या म्हण.

टीका सरळ अंगावर येते. ‘हे चुकीचं आहे’, बस. आधी गोड नाही, नंतर गोड नाही. तीच बाई पुढच्या ब्रेकमध्ये शेजारी बसून कॉफी पिते आणि तिच्या डोक्यात काही उरलेलं नसतं. पाच वेळा सॉरी म्हणू नकोस. काय चुकलं आणि आता काय करते, दोन वाक्यांत सांग. कौतुकाची वाटही पाहू नकोस. श्वाबियन लोकांची म्हणच आहे की रागावलं नाही म्हणजे कौतुक झालं. सदाशिव पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

रुग्णांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं ही तिथे नर्सचीच कामं. आपल्याकडे ती नातेवाईक किंवा आया करतात, त्यामुळे ‘मला खालचं काम दिलं’ असा समज होतो. तो घेऊन जाऊ नकोस. खोलीत शिरताना दार वाजव. नव्वदीच्या बाईंनाही आजी किंवा मावशी म्हणायचं नाही. ‘फ्राउ’ म्हणजे श्रीमती आणि आडनाव, शिवाय आदरार्थी ‘झी’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. आपली माया तिथे सलगी ठरते. सहकाऱ्यांत ‘डू’, म्हणजे ‘तू’, चालतं, पण ते सुचवायचं वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्यांनी.

घराचं थोडक्यात: रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर मिक्सर, ड्रिल, मोठ्याने फोन बंद. श्टुटगार्टकडे जिना झाडण्याची पाळीही येते, तिला केरवोखं म्हणतात. दारावर पाटी लटकली की आठवडा तुझा. विसरलीस तर शेजारी बोलून दाखवतील.

आजारी पडलीस तर ड्यूटी सुरू होण्याआधी कळवायचं, नंतर नाही. आजारपण तीन दिवसांच्या पुढे गेलं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. काही ठिकाणी पहिल्याच दिवशी मागतात, करारात बघ. ताप अंगावर काढून कामावर जाणं तिथे निष्ठा मानत नाहीत, रुग्णांना धोका मानतात. काय झालंय ते मात्र वरिष्ठांना सांगणं बंधनकारक नाही. किती दिवस येणार नाहीस, तेवढं सांग.

कळावे.